बर्फवाल्यांचे वकीलसाहेब

कोर्टात उभे राहिले की ते आधी उजवा हात वर करायचे. पाचही बोटं ताणलेली. मग एकेक बोट मिटत मूठ वळायची आणि ती मूठ जज्जसाहेबांपुढे धरून ते म्हणायचे, "साहेब, ही बोटं निर्दोष आणि ही मूठ गुन्हेगार, हे कसं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं."

समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे असायचं. ते मला कधी जमलं नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांच्या घराण्यातली माणसं अजून डहाणूच्या किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्यात वकील बरेच आहेत. एवढं कारण पुरे. शिवाय गावात त्यांना नावाने कुणी हाक मारतच नसे. व्यापारी 'आपले वकीलसाहेब' म्हणत, बाकीचे 'बर्फवाल्यांचे वकीलसाहेब' म्हणत. कोण कसं म्हणतो त्यावरून तो माणूस बर्फ विकतो की विकत घेतो ते कळायचं.

उंच, किडकिडीत, उन्हाने विटून काळ्याचा चॉकलेटी झालेला कोट, आणि कोटाच्या खिशात कायम एक पिकलेला चिकू. युक्तिवादाला जायच्या आधी ते तो नखांनी सोलून खात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कैफियतीवर कुठेतरी चिकूचा डाग असे. समोरच्या पक्षाला मिळालेली प्रत मी हुंगून ओळखायचो. समोरचा पक्ष म्हणजे बहुधा मीच.

मी ठाण्याहून डहाणूला आलो तेव्हा अजून मुंबई राज्य होतं. माझ्याजवळ वकिलीची सनद होती, एक पत्र्याची ट्रंक होती आणि अन्यायाविरुद्धचा राग होता. यांपैकी ट्रंक पुढे उपयोगी पडली.

माझा पहिला खटला टांग्याचा. स्टेशनवरून गावात जायला तेव्हा टांगे असत. टांगेवाल्यांनी आपसांत भाडं ठरवून घेतलं होतं. त्यांच्यातला एकजण कमी भाड्यात उतारू नेऊ लागला, तर बाकीच्यांनी त्याला अड्ड्यावर उभं राहू दिलं नाही. तो रडत माझ्याकडे आला. मला वाटलं, देवानेच पाठवला. चार लोकांनी एकत्र येऊन एकाचा धंदा मोडायचा, याहून उघड अन्याय तो कोणता? टांगेवाल्यांनी खरोखरच एकत्र बसून कट केला, हे सिद्ध करायला मी साक्षीदार जमवले. चहावाला, हमाल, स्टेशनाबाहेरचा न्हावी. त्यांना इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं.

वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, "मान्य."

जज्जसाहेबांनी विचारलं, "काय मान्य?"

"सगळं मान्य, साहेब. भाडं ठरवलं. एकत्र बसून ठरवलं. चहा पिऊन ठरवलं. साक्षीदारांना घरी जाऊ द्यावं, न्हाव्याचं दुकान बंद आहे. आता माझ्या विद्वान मित्रांनी एवढंच सांगावं, की यात बेकायदा काय?"

विद्वान मित्र म्हणजे मी. विद्वान मित्र बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत राहिले. मग वकीलसाहेबांनी मूठ वळली, हायकोर्टाचे जुने निकाल वाचून दाखवले आणि शेवटी म्हणाले, की अड्डा सर्वांचा आहे, वादीने खुशाल उभं राहावं. पण त्याच्या शेजारी उभं राहायची सक्ती कुठल्या कायद्याने घोड्यांवर करता येईल? कोर्ट हसलं. माझा अशीलसुद्धा हसला. हसणाऱ्या अशिलाचा खटला वाचत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाहेर आलो तर ते माझी वाट बघत उभे. "चला ठाणेकर, चहा घेऊ." तेव्हापासून मी ठाणेकर झालो. चहा पिताना त्यांनी माझ्या युक्तिवादाची चिरफाड केली. "तुमचा चौथा मुद्दा चांगला होता हो. म्युनिसिपालिटीचा रस्ता, त्यावर कुणाचा मक्ता कसा? मी तुमच्या जागी असतो तर तोच पहिला मांडला असता. तुम्ही त्यावर येईपर्यंत जज्जसाहेबांना भूक लागली होती."

मी ते मनावर घेतलं. पुढच्या खटल्यात सर्वांत चांगला मुद्दा पहिला मांडला. त्यांनी त्याचं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं.

तुम्हाला वाटेल, असा माणूस लबाड असणार. मलाही वाटायचं, निदान तसं वाटून घेणं सोयीचं होतं. पण त्यांनी माझ्यासमोर कधी खोटा साक्षीदार उभा केला नाही, कधी कागद दडवला नाही. अशिलाने "आम्ही असं काही ठरवलंच नाही" म्हटलं की ते वकीलपत्र परत करत. "एकाने खरं नाकारलं की मागची दहा खरी माणसंसुद्धा खोटी पडतात," असं त्यांचं म्हणणं. व्यापाऱ्यांची एकी असली तर ती उजळ माथ्याने सांगा, मग मी आहे.

आणि व्यापाऱ्यांच्या एक्या आमच्याकडे भरपूर होत्या. तळासरीकडे गवताचा धंदा मोठा. पाड्यांवरची माणसं डोंगरउतारावरून गवत कापून आणत आणि सगळे व्यापारी ते एकाच पडेल भावाने घेत. एकाकडे नको म्हणून दुसऱ्याकडे जावं तर दुसरा पहिल्याचाच भाव सांगणार. मी त्यावर दावा लावला. तळासरीला बसने जाऊन साक्षी घेतल्या, परत येताना माझ्या सदऱ्यात इतकं कुसळ शिरलं की बायकोने मला ओट्यावरच उभं केलं. दावा हरलो. कुसळं मात्र बरेच दिवस टोचत राहिली.

त्या दिवशी मी चिडून त्यांना विचारलं, "साहेब, तुम्हाला रात्री झोप कशी लागते?"

"डाव्या कुशीवर," ते म्हणाले. मग चिकूची बी हातावर काढली. "ठाणेकर, दावा तुम्ही नीट मांडला असता तर मी हरलो असतो. तुमच्या चुकांची जागरणं मी का करू?"

मला उत्तर सुचेपर्यंत ते टांग्यात बसून गेलेसुद्धा. त्यांना कुठलाही टांगेवाला भाडं मागत नसे आणि ते दिल्याशिवाय उतरत नसत. त्यामुळे त्यांच्या दारात रोज एक छोटं भांडण व्हायचं.

मग बर्फाचा दावा आला. खाडीजवळ एका शेठचा बर्फाचा कारखाना होता. आसपास दुसरा नव्हता. शेठने मासळीच्या बड्या व्यापाऱ्यांशी हातमिळवणी केली: जो नाखवा आपली मासळी या व्यापाऱ्यांना देईल त्यालाच बर्फ मिळेल. ज्याला मुंबईला दुसऱ्या कुणाकडे माल धाडायचा असेल त्याने मासळी उन्हात घेऊन बसावं. झाईचे दोन नाखवे माझ्याकडे आले. मी महिनाभर तयारी केली. आरशासमोर भाषण केलं. आरशाला ते पटलं.

वकीलसाहेब उठले. "मान्य," म्हणाले. "बर्फ शेठचा. पाणी त्यांचं, यंत्र त्यांचं. तो कुणाला विकायचा, ते त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून ठरवलं. उद्या माझ्या विद्वान मित्रांनी एखाद्या अशिलाचं काम नाकारलं तर त्यांना कोर्टात ओढणार का?" माझ्याकडे नाकारण्याइतके अशील नाहीत हे गावाला ठाऊक होतं, म्हणून कोर्टात पुन्हा हशा झाला. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

तो उन्हाळा फार कडक होता. एका रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन बंदरावर गेलो तर वकीलसाहेबही पिशवी घेऊन आलेले. ते मासळीचे भारी शौकीन. सरंग्याचं कालवण कसं करावं यावर ते जज्जसाहेबांनाही सल्ला देत. त्यांची नेहमीची मासळीवाली म्हणजे जमनाबाई. उंचीने बेताची, आवाजाने मोठी, बंदरावरच्या बायकांची पुढारी. ती आणि आणखी चार-पाच जणी वाळूत खड्डा खणत होत्या. शेजारी टोपल्या होत्या आणि टोपल्यांत सरंगे, घोळ, सगळं बिनबर्फाचं, वास सुटलेलं. त्या ते पुरत होत्या.

वकीलसाहेब रिकामी पिशवी धरून उभे राहिले. जमनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते मला हळूच म्हणाले, "ठाणेकर, हे माझ्या युक्तिवादात होतं का हो?"

"युक्तिवादात नव्हतं," मी म्हणालो. "निकालात होतं."

आयुष्यात त्यांना दिलेलं हे माझं एकमेव चोख उत्तर. पण ते द्यायची वेळ चुकली असं मला लगेच वाटलं. ते तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी गेले. तेव्हापासून जमनाबाईने त्यांच्या दारावर टोपली उतरवली नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, की ते जेवताना वरणभाताकडे असे बघत, जणू ताटात परका माणूस बसला आहे.

पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, तेव्हा बंदरावर एक नवीनच गोष्ट घडली. जमनाबाईने बायकांना गोळा केलं आणि ठरवलं, की शेठला आणि त्याच्या व्यापाऱ्यांना मावरं, म्हणजे मासळी, द्यायचंच नाही. बर्फ नको, तुम्हीही नको. होडी किनाऱ्याला लागली की मासळी बायका ताब्यात घेत. विकेल ती ताजी विकायची, उरेल ती बांबूच्या मांडवावर वाळत घालायची आणि डोक्यावर टोपल्या घेऊन तळासरीच्या आणि आसपासच्या गावांच्या बाजारांना जायचं. ज्या घरातून व्यापाऱ्याला मावरं गेलं त्या घरच्या बाईशी कुणी बोलायचं नाही. व्यापाऱ्यांच्या मुंबईला जाणाऱ्या पेट्या रिकाम्या राहू लागल्या. कारखान्यात बर्फ तयार होत होता आणि वितळत होता. बर्फाला थांबता येत नाही, ही त्याची मोठी अडचण.

शेठ अर्थातच वकीलसाहेबांकडे गेले. बायकांवर दावा लावा, मनाई हुकूम आणा, संगनमत करून माझा धंदा बुडवताहेत. वकीलसाहेबांनी नाही म्हटलं.

मग शेठ माझ्याकडे आले. माझ्या खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यांना दिली आणि मी ट्रंकेवर बसलो.

"वकीलसाहेब, आ तो जुलूम छे," शेठ म्हणाले. "सगळ्या बाया एक झाल्या. तुम्ही तर नेहमी एकीच्या विरुद्ध बोलता. तुमचे सगळे मुद्दे मी कोर्टात बसून ऐकले. फार सरस मुद्दे होते. तेच मला पायजे."

आता बघा, माझी अवस्था काय झाली. इतक्या वर्षांत माझे मुद्दे सरस आहेत असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. आणि तत्त्वाने पाहिलं तर खोट कुठे होती? संगनमताने कुणाचा धंदा मोडू नये, हे तर माझंच तत्त्व. तत्त्व माणूस बघत नाही, असं मी स्वतःला बजावलं. बायको आतून ऐकत होती. शेठ गेल्यावर ती म्हणाली, "तत्त्व बघत नसेल. तुम्ही तरी बघा." मी वकीलपत्र घेतलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की बायकांकडून वकीलसाहेब उभे राहणार आहेत.

ते कसं झालं ते पुढे जमनाबाईनेच मला सांगितलं. ते भर दुपारी तिच्या अंगणात गेले. तिने बसायला काही दिलं नाही. सुकत घातलेल्या बोंबलांच्या मांडवाजवळ उन्हातच उभं ठेवलं.

"तुमीच आमचा बर्फ बंद केला," ती म्हणाली.

"हो. मीच केला."

"मग आता कशाला आलात?"

"तुमच्यावर दावा आलाय. वकील लागेल."

"तुमी तं त्यांचे."

"मी एकीचा वकील आहे, जमनाबाई. आजवर माझ्याकडे शेठलोकांचीच एकी आली, म्हणून त्यांचा झालो. तुमची पहिल्यांदाच आली."

जमनाबाई म्हणाली, की ती तेव्हा हसली नाही, पण तिने पाणी दिलं. "उन्हानं तोंड लाल झालं होतं म्हाताऱ्याचं. पाणी दुश्मनालाबी देतात. पण त्यानं काय केलं, तांब्या रिकामा करून सवताच धुऊन पालथा घातला. मंग मी म्हटलं, सांगा काय सांगायचं कोर्टात. तं म्हणला, खरं सांगा, बाकी माझं मी बघतो."

खटल्याच्या दिवशी कोर्टाबाहेर बायकांची इतकी गर्दी, की शिपायाला वाट काढावी लागली. मी जमनाबाईला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "शेठला मासळी द्यायची नाही, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, हे खरं की नाही?"

ती नाकारेल आणि मग मी तिला कोंडीत पकडेन, अशी माझी योजना होती. योजनेत तिच्या नकारापुढे पाच पानं होती.

"ठरवलं की," ती म्हणाली. "आमच्याच अंगणात ठरवलं."

पाच पानं वाया गेली. मी वळून पाहिलं. वकीलसाहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, एखाद्या मास्तराने मठ्ठ मुलाला 'अजूनही?' म्हणावं तसं.

मग ते उठले. माझ्या प्रत्येक मुद्द्याला त्यांनी उत्तर दिलं, आणि गंमत म्हणजे ती उत्तरं मला पाठ होती. टांग्याच्या खटल्यातली, गवताच्या खटल्यातली, बर्फाच्या खटल्यातली. शब्दसुद्धा बदलला नव्हता. मासळी बाईची. ती कुणाला विकायची ते तिने ठरवावं. एकटी 'नाही' म्हणाली तर तो तिचा हक्क. "आणि साहेब, बंदरावरच्या सगळ्याजणी 'नाही' म्हणाल्या, तर तो एकदम गुन्हा होतो? याच कोर्टाने याच शेठना सांगितलंय, की बर्फ त्यांचा, मर्जी त्यांची. मी तो निकाल मिळवून दिला आहे. आज मी एवढंच मागतो, की तो निकाल साडी नेसून आला तरी ओळखावा."

जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे बघून विचारलं, "यावर तुमचं काय म्हणणं?"

माझं म्हणणं एवढंच होतं, की मला खाली बसायचंय. पण कोर्टात तसं म्हणता येत नाही. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

शेठचा दावा फेटाळला गेला. बाहेर बायकांनी एकच कल्ला केला. दिवाळीच्या आत शेठने बर्फ सगळ्यांना खुला केला. कज्जा एकवेळ परवडतो, वितळणं परवडत नाही. जमनाबाई दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या दारात टोपली घेऊन गेली. आणि एक सरंगा घेऊन माझ्याही दारात आली. मी म्हटलं, "मी तर तुमच्या विरुद्ध होतो." ती म्हणाली, "तुमी विरुद्ध होतात म्हणून तं जिंकलो. घ्या."

मी घेतला. फार चांगला होता.

पण वकीलसाहेबांची वकिली त्या दिवशी संपली. हे त्यांनाही ठाऊक असणार. 'आपले वकीलसाहेब' म्हणणारे व्यापारी एकेक करून दुसरीकडे गेले. त्यांनी बैठक घेऊन ठरवलं म्हणे, की यांच्याकडे आता काम न्यायचं नाही. मी संतापून ही बातमी त्यांना सांगितली. ते बाररूममध्ये चिकू सोलत बसले होते.

"सगळ्यांनी मिळून ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मान्य," ते म्हणाले. "त्यांचा हक्क आहे." आणि अर्धा चिकू मला दिला.

कोर्टात ते तरीही रोज यायचे. काम नसलं तरी कोट घालून बसायचे. माझ्याकडे हळूहळू बरी कामं येऊ लागली होती, कारण डहाणूत वकील थोडे आणि हरण्याचा एवढा अनुभव असलेला मी एकटाच. मी माझे मुद्दे आधी त्यांच्यापुढे मांडायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग एका वाक्यात सगळं पाडायचे. मी पुन्हा बांधायचो. ते पुन्हा पाडायचे. बांधता बांधता कधीतरी मी त्यांना काका म्हणू लागलो. नेमकं कधी, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर काही वर्षांनी त्यांची दृष्टी गेली. लेकीने बडोद्याला नेलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून कायद्याची पुस्तकं दिली. म्हणाले, "हे सगळे निकाल माझ्या बाजूचे आहेत. तुमच्या काही कामाचे नाहीत. पण समोरचा काय बोलणार ते आधी कळलेलं बरं." बडोद्यालाच ते वारले. तार आली आणि मागोमाग काकूंचं पत्रही आलं. त्यात लिहिलं होतं, की शेवटी शेवटी दवाखान्यातल्या नर्सबायांना ते संपाबद्दल सल्ला देत होते.

साठीचं दशक सरता सरता दिल्लीने मक्तेदारीविरुद्ध कायदा केल्याचं पेपरात वाचलं. वाटलं, हे त्यांना वाचून दाखवायला हवं होतं. त्यांनी पहिल्या कलमापासून त्यात भोकं पाडली असती आणि मला आयुष्यभराचं काम मिळालं असतं.

त्याच सुमारास माझ्याकडे लॉरीवाल्यांचा एक दावा आला. अच्छाडच्या बाजूच्या लॉरीवाल्यांनी एका चिकूवाल्याशी माल नेण्याचा करार केला आणि मग सगळ्यांनी एक होऊन त्याचा माल वाडीतच सडू दिला. त्यांच्याकडून मुंबईचा वकील आला होता. नवा कोट, चामड्याची बॅग. तो उठला आणि म्हणाला, "अशी कुठलीही एकी झालेली नाही. सगळं साफ नाकबूल."

मी उलटतपासणीला उभा राहिलो. दुपारच्या सुट्टीच्या आत त्याचे साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागले. संध्याकाळी निकाल माझ्या बाजूने लागला. धंदेवाल्यांच्या एकीविरुद्ध मी जिंकलेला हा पहिला खटला. चिकूवाल्याने माझे पाय धरले, शिपायाने सलाम केला, मुंबईच्या वकिलाने घड्याळात पाहून गाडीची वेळ विचारली.

घरी पोचलो तर बातमी आधीच पोचली होती. बायको दारातच उभी. वर्षानुवर्षं ती याच दिवसाची वाट बघत असावी.

"अगंबाई, खरंच?" ती म्हणाली. "कुणाला हरवलंत?"

मी ओट्यावर बसून बूट काढत होतो. तिच्या प्रश्नाला माझ्या ओठांवर एकच नाव आलं, काकांचं, आणि त्या खटल्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी एक बूट हातात धरून तसाच बसून राहिलो.